पेशावरचा, चेंबूरचा आणि करोल बागेचा

अजमल खान रोडवर डिसेंबरातल्या संध्याकाळी उभं राहिलं, की आधी डोळे दिपतात, मग कान भरून जातात आणि थंडी वाजतेय हे त्यानंतर कळतं. मी कोल्हापूरचा. दिवाळीच्या आदल्या रविवारी महाद्वार रोडवरून वाट काढण्याची सवय असलेला, त्यामुळे गर्दीला बुजत नाही. पण ही गर्दी बघून थबकलोच. अख्खी दिल्ली आणि निम्मा पंजाब लग्नाच्या खरेदीला एकाच रस्त्यावर उतरलाय! डाळिंबी, शेंदरी, राणी, मोरपंखी रंगांचे लेहंगे काचेमागे उभे आहेत, आणि त्यांवर जरीकाम एवढं, की एक लेहंगा गिऱ्हाइकापुढे मांडायला दुकानातली दोन पोरं लागतायत. नवरीचा चूडा लाल आणि हस्तिदंती पांढरा, मनगटापासून पार कोपरापर्यंत. त्याला लोंबणारे सोनेरी कलीरे हात हलला की छुमछुमतात. आपली हिरव्या चुड्यातली नवरी त्यापुढे किती शांत, किती सोज्वळ! नवरदेवाच्या पगड्यांवर मोत्यांचे सर, कलगी, मागे पाठीवर लोळणारा शेमला. आमच्या कोल्हापुरी फेट्याची ऐट मोठी, पण इथे पगडीच्या दुकानासमोर मी चक्क तोंड उघडं टाकून उभा राहिलो.

रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर रताळी भाजतायत. साल काढून फोडी, वर काळं मीठ, चाट मसाला, लिंबू आणि कमरखाच्या आंबट चकत्या. आमच्याकडे रताळं म्हणजे एकादशीचं, देवाचं नाव घेऊन गोडगोड खायचं. इथे ते तिखट-आंबट होऊन द्रोणात बसतं आणि कानशिलं गरम करतं. आणि चार पावलांवर, नाकातून वाफ निघतेय अशा थंडीत, माणसं रांग लावून रोशनची कुल्फी खातायत! फालुद्यासकट! मीही खाल्ली. दात कडकडा वाजले, पण केशराची चव अजून जिभेवर आहे.

मुक्काम बीडनपुऱ्यात, एका मराठी गलाईवाल्याकडे. विटा, खानापूर, आटपाडी या सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभर गेली, हे ठाऊक होतं. पण करोल बागेच्या गल्लीत, बंगाली कारागिरांच्या पेढ्यांच्या मधोमध, जिन्याखाली तुकारामांची तसबीर आणि शेजारी धगधगती भट्टी, हे दृश्य डोळ्यांनी बघायला हवं. वाटीएवढी मूस. तीत जुन्या अंगठ्यांचे तुकडे, तुटलेली कर्णफुलं, एक अर्धी बांगडी. टाकणखाराची चिमूट पडते. हजार अंशांच्या पुढे पारा जातो तशी कर्णफुलाची पाकळी आधी नुसती लाजल्यासारखी वाकते, मग एकाएकी सगळ्यांचा मिळून एक थेंब होतो. तो थेंब मुशीत गरगर फिरतो, आणि त्यात छपरातला दिवा दिसतो! मग चिमट्यानं मूस उचलायची आणि एका धारेत साच्यात ओतायची. हात जरासुद्धा थरथरत नाही.

तो साचा निवायच्या आतच मालकांनी भट्टी आवरायला घेतली.

‘‘पाव्हणं, आवरा लवकर. राज कपूर बघाय जायाचं हाय.’’

मी दिल्लीला आलो होतो तेही त्याचसाठी. 14 डिसेंबर 1924 ला पेशावरात जन्मलेल्या राज कपूरची शंभरी. फिल्म हेरिटेज फाउंडेशन, आर. के. फिल्म्स आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ यांनी मिळून 13 ते 15 डिसेंबर 2024 असे तीन दिवस त्याचे 10 चित्रपट देशभर लावले. ‘आग’पासून ‘राम तेरी गंगा मैली’पर्यंत. 40 शहरं, 135 चित्रपटगृहं. आणि तिकीट शंभर रुपये, म्हणजे वर्षाला एक रुपया! हा हिशेब करोल बागेतल्या प्रत्येक दुकानदारानं मला सांगितला, आणि प्रत्येकानं तो आपल्यालाच सुचल्याच्या आनंदात सांगितला.

परदेशात असे महोत्सव रॉकस्टारांचे भरतात. 2022 च्या जानेवारीत डेव्हिड बॉवीची पंचाहत्तरी झाली, तेव्हा लंडनच्या बीएफआय साउथबँकला त्याच्या पडद्यावरच्या कारकिर्दीचा महिनाभर उत्सव चालला होता. एल्विस प्रेस्लीनं 31 कथापट केले, त्यांची पारायणं करणारी माणसं अमेरिकेत आजही आहेत. आपल्याकडे गिटार घेऊन पडद्यावर आलेला तसा माणूस कोण, असं मी एका तरुण मित्राला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, शम्मी कपूर. बरोबर आहे. पण मला वाटतं, त्याचा थोरला भाऊ त्याच्याही आधीचा. 1954 च्या जुलैत एल्विसनं मेम्फिसमध्ये पहिली व्यावसायिक तबकडी केली, तेव्हा त्याला आपल्या गावाबाहेर कोणी ओळखत नव्हतं. त्याच वर्षी सोव्हिएत रशियात ‘आवारा’ लागला आणि सहा कोटींहून अधिक तिकिटं खपली. मॉस्कोत राज कपूरभोवती माणसांचा पूर लोटला. रॉकस्टार म्हणजे ज्याचं गाणं भाषा न कळता पाठ होतं आणि ज्याला बघून शहाणी माणसं वेडी होतात, एवढाच अर्थ घेतला तर रॉकस्टारांचा जमाना सुरू होण्याआधीच आपला एक तयार होता. फाटका कोट, आखूड पाटलोण, खांद्यावर काठीला अडकवलेलं गाठोडं!

करोल बागेतून मेट्रो सुटते ती खांबांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्यांच्या उंचीनं. आणि झंडेवालानच्या आधी खिडकीत एकदम हनुमान उभा राहतो. एकशे आठ फूट! आमच्या गावातल्या शेंदरी मारुतीपुढे आपण वाकतो, तो आपल्या छातीएवढा असतो. हा मारुती मेट्रोच्या खिडकीतून बघताना मान वर करावी लागते. छाती, खांदे, मग गदा, मग वर कुठेतरी धुरक्यात गेलेला मुकुट. खाली त्याच्या देवळाचं दार म्हणजे राक्षसाचा आ वासलेला जबडा, आणि माणसं दातांच्या रांगेखालून आत जातायत. डब्यातल्या कॉलेजच्या पोरी मोबाइलमधून मान वर करत नाहीत, रोजचंच त्यांचं. मी मात्र दोन्ही हात काचेला लावून बघतोय, आणि गाडी वळण घेऊन पुढे जाते.

कॅनॉट प्लेसकडच्या एका चित्रपटगृहाच्या आवारात शिरलो आणि जत्रेत आल्यासारखं वाटलं. आजोबा लोकरी टोप्यांत, आज्या शालींत, आणि पोरंटोरं. एक मुलगा फाटका कोट आणि तिरकी टोपी घालून आलाय, गालावर कोळशाचा डाग. एका मुलीच्या हातात काळी छत्री, थंडीच्या दिवसांत, पावसाचा मागमूस नसताना! सगळ्यांना ती छत्री कशाची हे कळतंय, सगळे तिच्यासोबत फोटो काढून घेतायत. आमच्याकडे जुन्या चित्रपटाला माणसं येतात ती देवळात आल्यासारखी, हलक्या पावलांनी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी कृष्णधवल चित्रपट पाहिलेत. लॉ कॉलेज रोडवरच्या त्या अंधारात खोकल्याचीही चोरी. या महोत्सवातल्या चित्रपटांना नवी झळाळी देण्यात त्याच संग्रहालयाचा हात आहे, याचा मला दिल्लीत उभा राहून फार अभिमान वाटला. पण त्या पुणेरी शिस्तीचा इथे मागमूस नाही. इथे पडद्यावर आर. के.चं बोधचिन्ह आलं, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नायिका, आणि अख्खं सभागृह ओरडलं!

‘श्री 420’ सुरू होतो. तो अलाहाबादहून चालत निघालाय, आणि जपानी बुटाचं ते गाणं सुरू झाल्यावर माझ्या मागच्या रांगेतले पगडीवाले काका उभे राहतात. एकटे. मग त्यांची बायको. मग रांगच्या रांग. सगळे गातायत, टाळ्या देतायत, सूर कुठे जातोय याची कुणाला पर्वा नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना शब्द न् शब्द पाठ! माझ्या अंगावर काटा आला. 1955 चा हा चित्रपट. या पोरांच्या आजोबांनी तो पहिल्यांदा पाहिला असेल.

मुंबईच्या फूटपाथवर केळेवाली गंगामाई आली आणि आमच्या गलाईवाल्या मालकांनी मला कोपर मारलं. ललिता पवार! केळ्यांच्या भावावरून होणारी ती घासाघीस, कमरेवर हात ठेवून त्याला फैलावर घेणं आणि मग मायेनं विरघळणं. ती बाई आपली आहे, हे दिल्लीच्या लोकांना ठाऊक नसेल, पण हसत होते सगळे. ‘आवारा’तली आई लीला चिटणीस. त्याच ‘आवारा’तलं ते जगावेगळं स्वप्न उभारणारे कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर, आपले चित्रकार आचरेकर. त्या स्वप्नाच्या चित्रीकरणाला तीन महिने लागले असं सांगतात. ते मोठ्या पडद्यावर बघायचं माझं फार वर्षांचं वेड, ते याच महोत्सवात फिटलं. ढगांचा समुद्र, त्यातून वर चढणाऱ्या पायऱ्या, वर कुठेतरी पांढऱ्या वस्त्रांत नर्गिस. ढगांमधून ती प्रचंड त्रिमूर्ती वर येते, आणि मला एकदम घारापुरीची लेणी आठवली. तिथे त्या अंधाऱ्या गुहेत महेशमूर्तीसमोर उभं राहिल्यावर माणूस जसा आपसूक लहान होतो, तसा मी शंभर रुपयांच्या खुर्चीत लहान झालो. मग ज्वाळा, धूर, सांगाडे, आणि त्यातून ओरडत येणारा तो. एवढं मोठं स्वप्न एका चोराच्या डोक्यात! टीव्हीच्या चौकटीत या सगळ्याचं किती मातेरं होतं, ते आता कळलं.

‘श्री 420’च्या पावसातल्या छत्रीच्या गाण्याला मात्र सभागृह गायलं नाही. गुणगुणलं. दोघं एका छत्रीत, आणि रस्त्याच्या कडेनं रेनकोट घातलेली तीन लहान मुलं हात धरून चाललीत. ती राजचीच मुलं, त्यातला छोटा ऋषी. तो पडद्यावर पहिल्यांदा आला तो असा, भिजत, क्षणभरासाठी. ‘‘ऋषी! ऋषी!’’ म्हणून मागून हाका आल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

मध्यंतरात त्या शेजारच्या बाईंच्या सासऱ्यांशी ओळख झाली. ऐंशी ओलांडलेले, गोरेपान, नाक तलवारीसारखं, हातात काठी. राहणार करोल बागेतच. फाळणीत पेशावरहून आलेलं कुटुंब. त्यांच्या वडिलांना इथे आधी एक ओटा मिळाला, मग दुकान. करोल बाग अशाच माणसांनी भरली. लायलपूर, रावळपिंडी, पेशावर. मोबाइलच्या दुकानांनी आज जो गफ्फार मार्केटचा भूलभुलैया झालाय, त्याला नाव सरहद्द गांधींचं, खान अब्दुल गफ्फार खानांचं, तेही त्याच मुलखातले. हे मला आजोबांनी सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं! तिथे मी सकाळी हिंडलो होतो. टेबलाएवढ्या दुकानात मोबाइल उघडून पडलेले, कारागिराच्या डोळ्याला भिंग, आणि सोन्याच्या तुकड्यासारखी एवढीशी चकती तो चिमट्यात धरतोय.

आजोबांनी मला कपूर हवेलीबद्दल सांगितलं. ढक्की मुनव्वर शाहमधली ती उंच हवेली, राजच्या आजोबांनी, बशेश्वरनाथांनी बांधलेली. हेच बशेश्वरनाथ ‘आवारा’त न्यायाधीश होऊन बसलेत. मुलगा पृथ्वीराज त्यात बाप, नातू राज नायक, आणि लहानपणीचा राज म्हणजे दुसरा नातू शशी. एका चित्रपटात तीन पिढ्या. आजोबांचे डोळे बोलताना चमकत होते.

‘‘राज साडा मुंडा सी, बेटा जी. पेशावर दा.’’

त्यावर आमचे मालक गप्प बसणारे नव्हेत. ‘‘बाबूजी, पैदा वहाँ हुए होंगे. स्टुडिओ चेंबूरमें बनाया ना?’’

मग मीही सरसावलो. मी सांगितलं की राज कपूर आमच्या कोल्हापूरचासुद्धा. 1946 च्या ‘वाल्मीकी’त भालजी पेंढारकरांनी पृथ्वीराजना वाल्मीकी केलं आणि राजला नारद. चिपळ्या घेतलेला, शेंडीवाला राज कपूर! आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की त्या कामाचे पैसे भालजींनी त्याच्या नावावर ठेवून दिले आणि पुढे चेंबूरच्या जागेला ते उपयोगी पडले. आजोबांनी हे कान देऊन ऐकलं. नारद ऐकून तर ते मोठ्यानं हसले, सुनेला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. पण हक्क सोडला नाही. दिल्लीचाही हक्क त्यांनी पुढे केला, आणि तो मला खोडता येईना.

कारण राज कपूर शेवटचा लोकांपुढे आला तो याच शहरात. 2 मे 1988. सिरी फोर्ट सभागृहात दादासाहेब फाळके पुरस्कार. दम्यानं बेजार, श्वास लागलेला, जागेवरून उठवेना. तेव्हा राष्ट्रपती आर. वेंकटरमण शिष्टाचार बाजूला ठेवून व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्याच्या खुर्चीपाशी जाऊन पुरस्कार दिला. तिथूनच त्याला एम्समध्ये नेलं. महिन्यानं, 2 जूनला, तो गेला. वय 63. आणि कॅनॉट प्लेसचं 1932 चं रीगल चित्रपटगृह, ते 30 मार्च 2017 ला कायमचं बंद झालं तेव्हा शेवटच्या दिवशी संध्याकाळी लावलं काय? ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘संगम’. दिल्लीकरांनी रीगलला निरोप दिला तोही राज कपूर दाखवून. आमच्याकडे चेंबूरचा स्टुडिओ 2017 च्या सप्टेंबरात जळाला, 2019 मध्ये गोदरेजनं तो घेतला. त्यानं पडद्यावर घातलेले कितीतरी पोशाख, वस्तू त्या आगीत गेल्या. त्या आगीची बातमी वाचून मी हळहळलो होतो, आणि आज हे भरलेलं सभागृह बघून मन थोडं शांत झालं. वस्तू जळाल्या तरी या आजोबांना सगळं पाठ आहे.

चित्रपट सुटला तरी माणसं घरी जायला तयार नाहीत. वाफाळत्या चहाच्या पेल्यांभोवती घोळके. उद्या काय बघायचं? ‘संगम’, म्हणे पगडीवाले काका, युरोपचा तो रंग मोठ्या पडद्यावरच बघावा. ‘बॉबी’, म्हणे छत्रीवाली मुलगी. ‘जोकर’, दोन मध्यंतरांचा, चार तासांचा, 1970 साली आपटलेला आणि आता सगळ्यांचा लाडका. आवाज चढतायत, हातवारे होतायत, आमच्या तालमीत कुस्तीवरून वाद व्हावा तसा खणखणीत वाद. मी ‘आवारा’ परत म्हणालो.

आमचे मालक इतका वेळ ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘जागते रहो.’’

कुणीतरी विचारलं, तोच का?

‘‘आवो, त्यात गडी तहानलाय. खेड्यातनं येतोय, शहरात पाणी मागतोय, आन् लोक त्याला चोर चोर करून मागं लागत्यात. आमचा आटपाडीचा माणूस हितं आला त्यो असाच की.’’

ते म्हणाले आणि मी पेला खाली ठेवला. शंभू मित्र आणि अमित मैत्र यांचा तो 1956 चा चित्रपट. कार्लोव्ही व्हॅरीच्या महोत्सवात 1957 साली त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळालाय. राज कपूर जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मुका, नुसत्या डोळ्यांनी बोलणारा. एका रात्रीत एका इमारतीचे सगळे मजले, सगळ्यांची खरी चोरी, आणि पहाटे त्याच्या ओंजळीत पाणी घालणारी नर्गिस, आर. के.च्या चित्रपटात शेवटची. मी यावर लेख वाचलेत, भाषणं ऐकलीत. माणदेशातून निघून करोल बागेत भट्टी पेटवणाऱ्यानं तो असा एका दमात सांगावा, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो ते सात-आठजण. मालक, त्यांचा मुलगा, गल्लीतले दोन बंगाली कारागीर. त्यांना हा चित्रपट बांगलातही झालेला आहे, ‘एक दिन रात्रे’ नावानं, हे ठाऊक होतं आणि ते दोन्ही बघितल्याच्या तोऱ्यात होते. पडद्यावर तो नळाला ओठ लावणार तेवढ्यात शिट्टी वाजते आणि तो पळतो. मालक खुर्चीच्या कडेला सरकलेत. ‘‘पी की लेका!’’ मोठ्यानं. आजूबाजूच्या पंजाब्यांना मराठी कळलं नाही आणि बरोबर कळलं, कारण पुढच्या नळापाशी चारी बाजूंनी ‘‘पी ले! पी ले!’’ सुरू झालं. पहाटेच्या त्या गाण्याला बंगाली कारागीर मांडीवर ताल धरून बसले. आणि नर्गिसनं घागर उचलून धार धरली, तेव्हा शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या यांचा असा कल्लोळ उठला, की पुढचं काही ऐकू येईना. आमचे मालक उभे राहून, दोन बोटं तोंडात घालून, आटपाडीच्या बाजारात वाजवावी तशी शिट्टी वाजवत होते.